पत कोणाच्या नावावर?

वांगी घेताना आपण देठ पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो, साडी घेताना पदर उलटून आतली बाजू बघतो. दुकानदार कितीही गोड बोलला तरी आपली परीक्षा आपण सोडत नाही. मात्र बँकेची एखादी वस्तू घरात यायची असली, की आपल्यातल्या बऱ्याच जणी पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जातात. "ते सगळं ह्यांना कळतं," असे म्हणून मोकळ्या होतात. पर्समध्ये चकचकीत कार्ड असते, दुकानात ते ऐटीत पुढे करता येते. पण ते कसले कार्ड आहे, त्याचे बिल कोणत्या तारखेला येते आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या नावावर आहे, असे विचारले तर उत्तर येत नाही.

गेल्या काही महिन्यांत मला या विषयात बरेच डोके घालावे लागले. निमित्त झाले ते ह्यांना आलेल्या एका पत्राचे. एका कंपनीने ह्यांना चार्ज कार्ड देऊ केले होते आणि त्याच्या जोडीला पत्नीसाठी दुसरे कार्ड फुकट. बँकवाले त्याला अ‍ॅड-ऑन कार्ड म्हणतात. ह्यांचे म्हणणे, "अगं, घेऊन टाकू. तुलाही एक मिळतंय." मी म्हटले, "अहो, फुकट मिळालेल्या वस्तूचं वजन आधी करावं. आठ दिवस द्या मला." आठ दिवसांचे चांगले दोन महिने झाले. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर मी तक्ते आखले, चार ठिकाणी चौकशी केली, माहितीपत्रकातली मुंगीच्या पायाएवढी अक्षरे चष्मा बदलून वाचली. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी चार्ज कार्ड म्हणजे काय ते पाहू. नाव नवे वाटले तरी वस्तू आपल्याला चांगली ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंची सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानात वही होती. महिनाभर तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, काय लागेल ते आणायचे आणि "मांडून ठेवा" म्हणायचे. मामंजींचा पगार झाला की पहिल्या आठवड्यात सगळे खाते चुकते. एक पैसा मागे ठेवायचा नाही. दुकानदार व्याज लावत नसे, आणि सासूबाई त्याला तशी वेळही येऊ देत नसत. त्या म्हणत, "महिन्याची उधारी चालते. उधारीवर उधारी चढवायची नाही." चार्ज कार्ड म्हणजे तीच वही. महिनाभर खर्च करा, बिल आले की सगळेच्या सगळे भरा. थोडे आज, थोडे पुढच्या महिन्यात, असा प्रकार मुळात त्यात नाही.

क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तिथे बिल आले की दोन आकडे छापलेले असतात. एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे निदान एवढे तरी भरा. उरलेल्यावर व्याज चढते. डेबिट कार्ड तर उधारीचे नव्हेच. आपल्याच खात्यातले पैसे लगेच वजा होतात. तिन्ही कार्डे दिसायला सारखीच, त्यामुळे पुष्कळ जणी तिन्हींना 'क्रेडिट कार्ड'च म्हणतात. पण दुधाची, ताकाची आणि चुन्याच्या निवळीची वाटी लांबून सारखीच दिसते!

या कार्डांचा इतिहास फार जुना नाही. 1950 मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक मॅकनामारा नावाच्या गृहस्थांनी डायनर्स क्लब काढला. एकदा जेवण झाल्यावर पैशाचे पाकीट घरी राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. पुढे ती जाहिरातीसाठी रचलेली आहे असेही त्यांच्याच माणसांकडून बाहेर आले. ते काही असो, सभासदाने कार्ड दाखवून जेवायचे आणि महिन्याचे बिल एकदम भरायचे, अशी ती पद्धत होती. 1958 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनेही असेच कार्ड काढले. ही दोन्ही चार्ज कार्डेच. हप्त्याहप्त्याने भरण्याची सोय देणारी बँकांची कार्डे जगभर पसरली ती त्यानंतर. आपल्याकडे डायनर्सचे कार्ड 1961 मध्ये आले आणि 1980 मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले 'सेंट्रलकार्ड' काढले. म्हणजे आज ज्याला आपण नवी फॅशन समजतो, ती आपल्यापैकी कित्येकींच्या वयाएवढी आहे.

आता माझ्या तक्त्याकडे वळते. पहिला प्रश्न मी असा लिहिला होता : व्याज नाही, तर ही चार्ज कार्डवाली कंपनी जगते कशावर? किराणा दुकानदार निदान मालावर नफा मिळवीत होता. याचे उत्तर मिळाले आणि निम्मा गुंता सुटला. कंपनीला पैसे दोन वाटांनी मिळतात. एक, आपण भरतो ती वार्षिक फी. दुसरी, दुकानदाराकडून प्रत्येक खरेदीमागे घेतलेले कमिशन. डायनर्स क्लब सुरुवातीला हॉटेलवाल्यांकडून शेकडा 7 घेत असे. आज दर पुष्कळ कमी झाले आहेत, पण रीत तीच. म्हणूनच चार्ज कार्डाची फी साध्या कार्डापेक्षा सहसा जास्त असते, आणि म्हणूनच काही दुकानदार ते घ्यायला नाखूश असतात.

फीचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा. छापलेल्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. समजा, कार्डाची वार्षिक फी 5,000 रुपये आहे. म्हणजे खिशातून गेले 5,900. आता हे परत कसे मिळणार? माहितीपत्रकात 'रिवॉर्ड पॉइंट' नावाचे गाजर असते. समजा, शंभर रुपयांच्या खरेदीवर एका रुपयाचा फायदा होतो. माझ्यासारख्या घरात महिन्याला 15,000 रुपयांचा खर्च कार्डावर गेला, तर वर्षाचे होतात 1,80,000 आणि फायदा 1,800. म्हणजे 1,800 मिळवायला 5,900 घातले! शिवाय या पॉइंटांना काही खर्चांवर कात्री असते. वीजबिल, विमा, पेट्रोल यांवर पुष्कळ कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात. आपला तर मुख्य खर्चच तो!

विमानतळावरच्या आरामकक्षात फुकट चहापाणी, मोठ्या हॉटेलात सवलत, असेही बरेच काही त्या पत्रात होते. ह्यांना ते फार आवडले. मी विचारले, "आपण मुंबईला जातो कशाने?" म्हणाले, "महालक्ष्मी एक्सप्रेसने." मग त्यावर दोघांनाही हसू आले. ज्यांना नोकरीधंद्यासाठी सारखे विमानाने जावे लागते, त्यांना या सोयींचे मोल आहे. त्यांची फी वसूल होत असेल. पण आपण वापरणार नाही त्या सोयीचे पैसे मोजणे म्हणजे मांसाहारी थाळीचे पैसे देऊन आमटीभात खाणे.

दुसरा प्रश्न : आपल्या गावात हे कार्ड चालते कुठे? हे मी माहितीपत्रकाला विचारले नाही, बाजाराला विचारले. किराणा दुकान, औषधांचे दुकान, मारुती रोडवरचे कापडदुकान, पेट्रोल पंप, आणि आम्ही नेहमी जातो ते हॉस्पिटल, अशी पाच ठिकाणे ठरवली. भाजी आणायला जाता-येता एकेक ठिकाणी विचारत गेले. दोन ठिकाणी "चालेल" म्हणाले. एका ठिकाणी मशीन होते, पण त्या कंपनीचे कार्ड चालत नव्हते. किराणा दुकानदार तर स्पष्टच बोलला, "वहिनी, ते कार्ड नको. आमचं कमिशन जातं. यूपीआय करा की!" मोठ्या शहरात चित्र वेगळे असेल. पण मी कार्ड घेणार ते माझ्या गावात वापरायला. तुम्हीही आपली पाच ठिकाणे ठरवून विचारून या. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि कोणताही सल्लागार देणार नाही अशी माहिती त्यातून मिळते.

यूपीआयवरून आठवले. 2022 पासून रूपे जातीचे क्रेडिट कार्ड मोबाइलवरच्या यूपीआयला जोडता येते आणि दुकानाच्या क्यूआर कोडवर त्यातून पैसे देता येतात. मात्र तो कोड दुकानाच्या नावाचा हवा. भाजीवाल्या मावशींनी स्वतःच्या खासगी खात्याचा कोड लावला असेल, तर तिथे हे चालत नाही. गावात राहणाऱ्या बाईला ही सोय विमानतळाच्या चहापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

तिसरा प्रश्न ह्यांनी काढला. "अगं, चार्ज कार्डाला मर्यादाच नसते म्हणे!" त्यात अर्धे खरे आहे. क्रेडिट कार्डाला लाखाची, दोन लाखांची अशी छापील मर्यादा असते. चार्ज कार्डावर सहसा तसा ठरलेला आकडा नसतो. पण म्हणून वाटेल तेवढा खर्च करता येतो असे नव्हे. आपण आजवर किती खर्च केला, बिले वेळेवर भरली का, मिळकत किती, हे पाहून कंपनी त्या त्या वेळी हो किंवा नाही म्हणते. लग्नाचा बस्ता किंवा ऑपरेशनचा खर्च, अशी मोठी रक्कम असेल तर आधी फोन करून विचारावे लागते. आणि बिल थकले तर? व्याज नसले तरी उशिराचा दंड असतो, कार्ड बंद पडते, आणि नोंद खराब होते ती वेगळीच.

मग क्रेडिट कार्ड बरे का? त्याचाही हिशेब पाहा. क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असणे ही सर्रास गोष्ट आहे. साडेतीन ऐकायला किती लहान वाटते! वर्षाचे होतात बेचाळीस. समजा, दिवाळीत 20,000 चे बिल झाले आणि तुम्ही 'मिनिमम' म्हणून शेकडा 5, म्हणजे 1,000 रुपये भरलेत. त्या महिन्याचे व्याज 700, त्या व्याजावर जीएसटी 126. झाले 826. म्हणजे हजार रुपये भरले आणि कर्ज उतरले फक्त 174 रुपयांनी! वर आणखी एक गंमत अशी, की मागची बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज आणलेल्या साखरेवर आजपासून व्याज. सासूबाई ज्याला उधारीवर उधारी म्हणत, ती हीच.

म्हणून इथवर माझा कौल चार्ज कार्डाच्या बाजूनेच होता. फी जास्त असली तरी पाय घसरायला जागा नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तेवढ्यात माझ्या थोरल्या नणंदेची आठवण झाली, आणि माझ्या तक्त्यात एक रकानाच राहून गेला आहे हे लक्षात आले.

वन्सं कोल्हापूरला असतात. 2023 मध्ये त्यांचे यजमान अचानक गेले. सकाळी फिरून आले, चहा घेतला आणि गेले. वन्सं हिशेबाला पक्क्या. घरातली सगळी बिले मोबाइलवरून त्याच भरायच्या. पर्समध्ये कार्ड होते, त्यावर त्यांचे नाव ठळक अक्षरांत होते. औषधे, किराणा, फोन, वीज, दोघांचा आरोग्यविमा, सगळे त्या एका कार्डावर लावलेले. दिवसकार्य झाल्यावर मुलाने रीतीप्रमाणे बँकेत मृत्यूचा दाखला दिला. त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात वन्संचे कार्ड चालेना.

बँकेने काही वावगे केले नव्हते. कार्ड होते यजमानांचे, वन्संचे अ‍ॅड-ऑन. मूळ खाते बंद झाले की फांदीही वाळते. पण त्याबरोबर फोनचे बिल अडले, विजेचे अडले, आणि आरोग्यविम्याचा हप्ता भरलाच गेला नाही. तो संदेश आला यजमानांच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल कपाटात बंद करून ठेवलेला! कंपनी काही दिवसांची सवलत देते म्हणून बरे, शेवटच्या चार दिवसांत मुलाच्या लक्षात आले आणि विमा वाचला. वन्संना मधुमेह आहे. विमा तुटला असता तर त्या वयात नवा कोणत्या अटींवर मिळाला असता, ते देव जाणे.

पुढे त्या स्वतःच्या नावाने कार्ड मागायला गेल्या. समोरच्या मुलाने संगणकात पाहिले आणि नम्रपणे सांगितले, "काकू, तुमच्या नावावर काही नोंदच नाही." वाईट नोंद आहे असे नव्हे. नोंदच नाही. जणू या बाईने उभ्या आयुष्यात एका रुपयाचाही व्यवहार केला नव्हता. त्या रात्री फोनवर मला म्हणाल्या, "वहिनी, अठरा वर्षं दर महिन्याला बिल वेळेवर भरलं ते मी. आणि शाबासकी मिळाली ह्यांना." रडल्या नाहीत. पण नंतर बराच वेळ काही बोललेही नाहीत.

याचे कारण समजून घ्यायला हवे. अ‍ॅड-ऑन कार्डाच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही तसे स्पष्ट आहे. त्यामुळे वेळेवर भरल्याची नोंदही त्याच्याच नावे होते. आपल्या देशात सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था या नोंदी ठेवतात. कर्ज किंवा कार्ड देताना बँका त्या पाहतात. जुन्या भाषेत सांगायचे तर ही आपली पत. सासूबाईंची पत गणपती पेठेतल्या दुकानदाराच्या डोक्यात होती. तो त्यांना चेहऱ्याने ओळखत होता. मामंजी गेल्यावरही त्याने वही बंद केली नाही. आज पत चेहऱ्यावर नाही, पॅन क्रमांकावर आहे.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. ज्या अमेरिकेत ही कार्डे जन्माला आली, तिथेही विवाहित बाईला नवऱ्याच्या सहीवाचून स्वतःच्या नावाने कार्ड मिळणे मुश्कील होते. मिळवती असली तरी. 1974 मध्ये कायदा करावा लागला, तेव्हा स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून पत नाकारणे बेकायदा ठरले. आपल्याकडे बाईने कार्ड घेऊ नये असा काही कायदा नाही. अडते ते वेगळ्याच जागी. मिळकतीचा दाखला मागतात, आणि घर चालवल्याचा दाखला कोणी देत नाही.

अ‍ॅड-ऑन कार्डाची आणखी एक लहानशी बाजू सांगते. त्याची प्रत्येक खरेदी मूळ कार्डाच्या बिलात दिसते. आमच्या घरी कोणी कोणाचे बिल तपासत बसत नाही. तरी आईला घेतलेल्या लुगड्याची ओळ, मैत्रिणीला अडचणीत केलेल्या मदतीची ओळ ह्यांच्या बिलात छापून यावी, हे काही मला रुचले नाही. लपवायचे काही नसते, पण आपले असे काही असावे की नाही?

तर मग मिळकतीचा दाखला नसलेल्या बाईने काय करावे? याचे उत्तर आहे, आणि ते फारसे कोणी आपणहून सांगत नाही. पुष्कळ बँका मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात. ठेव आपल्या नावाची हवी. ठेवीच्या रकमेपेक्षा थोडी कमी अशी कार्डाची मर्यादा ठरते. ठेवीवरचे व्याज चालूच राहते, फक्त कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. बिल थकवले तर बँक ठेवीतून वसूल करते, म्हणून ती पगाराच्या चिठ्ठीसाठी अडून बसत नाही. भिशीचे पैसे, आवर्ती ठेवीचे पैसे, माहेरहून आलेले चार पैसे, जे काही आपल्या नावाचे असेल ते इथे उपयोगी पडते. आणि वेळेवर भरलेल्या प्रत्येक बिलाची नोंद आपल्या स्वतःच्या नावे होऊ लागते.

"पण ते क्रेडिट कार्ड झालं. चार्ज कार्डाची शिस्त गेली की!" असे ह्यांनी लगेच धरले. मुद्दा बरोबर होता. त्यावर मला सापडलेला उपाय हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. कार्डाचे बिल आपल्या बचत खात्यातून आपोआप वजा व्हावे अशी सोय बँकेत करता येते. त्या अर्जावर दोन चौकोन असतात. एक 'मिनिमम अमाउंट ड्यू' आणि दुसरा 'टोटल अमाउंट ड्यू'. दुसऱ्या चौकोनात खूण करा. बस्स! त्या एका खुणेने साध्या कार्डाचे चार्ज कार्ड झाले. महिन्याचे सगळे देणे एकदम चुकते, व्याजाला जागाच नाही, आणि भारी फीही नाही. फक्त त्या तारखेला खात्यात पैसे असतील एवढे पाहायचे. चार्ज कार्ड म्हणजे शेवटी काय, एक सवय. ती विकत घ्यायची गरज नसते.

तारखांचेही गणित आहे. समजा, बिल 10 तारखेला निघते आणि भरायची मुदत 30 ची आहे. 11 जूनला केलेल्या खरेदीचे पैसे 30 जुलैला भरायचे, म्हणजे 49 दिवस मिळाले. तीच खरेदी 9 जूनला केली तर 30 जूनलाच भरायचे, म्हणजे 21 दिवस. फ्रिज, मिक्सर असे मोठे काही घ्यायचे असेल तर बिल निघाल्यावर दुसऱ्या दिवशी घ्यावे. ज्यांच्या घरी पगार 1 तारखेला होतो, त्यांनी भरायची मुदत 5 तारखेच्या आसपास येईल असे बिल मागावे. बिलाची तारीख बदलून देण्याची सोय बँकेने ठेवलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे.

त्याच नियमांतल्या आणखी काही गोष्टी मी तक्त्याखाली लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत. न मागता कोणी कार्ड पाठवू शकत नाही. पाठवले तर ते चालू करू नका आणि त्याचा ओटीपी कोणालाही सांगू नका. कार्ड बंद करायला सांगितले आणि काही बाकी नसेल, तर 7 कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे. नाही झाले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँकेने आपल्याला द्यायचे. उशिराचा दंड लावायचा तो मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच, आणि राहिलेल्या बाकीवरच. बँकेकडे तक्रार करून दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शिवाय वर सांगितलेल्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा आपला पतअहवाल फुकट द्यायचा असतो. तो जरूर मागवा. कोरा आला तर वाईट वाटून घेऊ नका, पण कोरा ठेवूही नका.

आमच्याकडे शेवटी काय ठरले ते सांगते. ह्यांनी ते चार्ज कार्ड घेतले नाही. विमान वर्षात एकदाही नाही, आणि पाचांतल्या तीन दुकानांत भरवसा नाही, हे त्यांनाही पटले. मी भिशीचे आणि आवर्ती ठेवीचे मिळून 50,000 रुपये मुदत ठेवीत घातले आणि त्यावर माझ्या नावाचे, बिनफीचे रूपे कार्ड घेतले. 'टोटल'च्या चौकोनात खूण केली. किराणा, औषधे आणि आमचा आरोग्यविमा त्यावर लावला. विम्याचे संदेश दोघांच्याही मोबाइलवर येतील अशी व्यवस्था केली. माझे अ‍ॅड-ऑन कार्ड ह्यांनाही देऊ का, असे मी विचारून पाहिले. "म्हणजे मी तुझी फांदी?" म्हणाले. म्हटले, "बघा, कसं वाटतं ते!"

वन्संनीही पेन्शनच्या पैशांतून ठेव करून आपले कार्ड काढले आहे. गेल्या महिन्यात त्यांनी पहिला पतअहवाल मागवला. त्यात फक्त एकाच खात्याची नोंद होती आणि त्यापुढे सगळे हप्ते वेळेवर भरल्याचे लिहिले होते. मुलाकडून त्याची प्रत छापून घेऊन त्यांनी ती देवघराखालच्या खणात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.

तुमच्या पर्समधले कार्ड काढून एकदा नीट पाहा. त्यावर नाव तुमचे असेल. पण खाते कोणाचे आहे, ते बँकेला फोन करून विचारा.